हरलात, पण बाहेर नाही

आई, काल दुपारी हिंजवडीत मी दुसऱ्याच फेरीत हरले. स्पर्धा घेणाऱ्या मुलाने ते माईकवरून जाहीर केलं. नोकरीतल्या इतक्या वर्षांच्या सवयीने मी खुर्चीवरून उठून त्याच्याकडे गेले आणि पुन्हा विचारून घेतलं. त्याने हातातल्या टॅबवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "हो मॅडम, तुम्ही हरलात. पण बाहेर नाही." मला वाटलं, वयाकडे बघून धीर देतोय. तसं नव्हतं. या स्पर्धांची रीतच अशी की एकदा हरलेला लगेच घरी जात नाही. हरलेल्यांची वेगळी रांग लागते, त्यांचे सामने आपापसांत होतात आणि दुसऱ्यांदा हरलं की मग खरोखर बाहेर. म्हणजे पुढच्या रविवारी मला पुन्हा जायचं आहे.

स्पर्धा कसली, हे सांगितलं की तुला लगेच आठवेल. पडद्यावर दोन माणसं समोरासमोर, वर दोघांच्या जिवाच्या दोन पट्ट्या, आणि ज्याची पट्टी आधी संपेल तो आडवा. तू त्याला सरळ 'मारामारी' म्हणायचीस. "झाली का मारामारी? मग ये, पोळ्या लाटायच्यात." आता त्या खेळातली माणसं इतकी खरी दिसतात की त्यांच्या कपाळावरचा घामही कळतो, पण आतला खेळ तोच आहे. तुझी नात हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ही स्पर्धा होती, बाहेरच्यांनाही खुली. तिने मला न विचारता माझं नाव घातलं. "तू कॉलेजात असताना सगळ्यांना लोळवायचीस म्हणतेस ना, मग दाखव आता." मी म्हटलं, "अगं, लोक हसतील." तर म्हणाली, "हसू देत. कॅन्टीनच्या जेवणाला रोज हसतात, एक दिवस तुला हसतील." बोलणं तुझ्यावर गेलंय तिचं.

सगळी मुलं आपापली खेळायची दांडीवाली खोकी नाहीतर हातात धरायचे कंट्रोलर घेऊन आली होती. मी घरचा की-बोर्ड पिशवीत घालून नेला होता. शेजारच्या टेबलावरच्या एकाने तो पाहिला आणि मित्राला म्हणाला, "अरे, काकू ऑफिसचं काम घेऊन आल्यात." मला राग आला नाही. मला दुसरं काही जमतच नाही. मी हा खेळ जिथे शिकले ती दोन जणांनी एकाच की-बोर्डवर खांद्याला खांदा लावून खेळायची जागा होती. आणि त्या जागेच्या मागच्या खोलीत तू होतीस.

कोथरूडला डेपोकडून जरा आत गेलं की पहिल्या मजल्यावर ती टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. दाराशी चपला, आत टेबलांच्या दोन रांगा, आणि जिन्यातूनच ऐकू येणारा तो आवाज, पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखा. तिथे तू 'बाई' होतीस. मीही तुला तिथे बाई म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं, हा तुझा नियम होता. घरी सकाळी "आई, माझा डबा कुठंय?" आणि दुपारी "बाई, तुम्ही रिबन बदलून द्याल का?" मला त्याचं हसू यायचं, तुला कधीच आलं नाही. प्रत्येक मशीनच्या बटणांवर तू खाकी कापडाचा एक पडदा बांधला होतास. मुलींनी हात त्या पडद्याखाली घालायचे आणि नजर समोरच्या कागदावर ठेवायची. बोटांकडे बघायचं नाही. कोणी कापड जरा उचललं तर पाठमोरी असूनही तुला कळायचं, आणि तू म्हणायचीस, "काय हरवलंय का खाली?" दुसरा नियम होता चुकीबद्दलचा. चुकीचं अक्षर उमटलं तर मागे जाऊन त्यावर दुसरं अक्षर मारायचं नाही. "चुकलं ते चुकलं. एका चुकीच्या दोन करू नका. हात पुढे."

मग कॉम्प्युटर आले. मालकांनी पुढच्या खोलीतली मशीनं मागे सरकवली आणि तिथे कॉम्प्युटर मांडले. आधी त्यांचेही क्लास काढायचा बेत होता, पण संध्याकाळी मुलं यायची ती खेळायला, तासावर पैसे देऊन. मालकांना ते चाललं. मलाही चाललं. मी तुझ्यासाठी थांबते असं सांगून पुढच्या खोलीत बसायचे. माझी बोटं तुझ्या हाताखाली तयार झालेली, बाकीची मुलं एका बोटाने बटण शोधणारी. मी त्यांना उभं राहू द्यायचे नाही. समोरचा माणूस कोपऱ्यात ढकलायचा आणि लाथ, लाथ, ठोसा, लाथ. एका दिवाळीच्या सुट्टीत मालकांनी तिथे स्पर्धा घेतली आणि ती मी जिंकले. मिठाईचा पुडा घेऊन मी मागे तुझ्याकडे आले. तू एका मुलीच्या मशीनमध्ये अडकलेली दोन अक्षरं सोडवत होतीस. वर न बघता विचारलंस, "समोरचा काय करत होता?"

"मार खात होता, बाई."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

"मग त्याला बरंच शिकायला मिळालं असेल," तू म्हणालीस, आणि पुडा मुलींपुढे सरकवलास.

काल माझ्यासमोर बसली होती ती हडपसरहून आलेली एक मुलगी, माझ्या मुलीच्याच वयाची, तोंडात च्युइंगम आणि चेहऱ्यावर काही नाही. पहिल्या फेरीत मी एका मुलाला माझ्या जुन्या पद्धतीने झोडपलं होतं, त्यामुळे अंगात वारं भरलं होतं. हिलाही मी सुरुवातीपासून कोपऱ्यात नेलं. ती काही करेचना. मागचं बटण धरून नुसती अडवत राहिली. मी मारतेय, ती अडवतेय. तिची पट्टी प्रत्येक वाराबरोबर नखभर कमी व्हायची, कारण या खेळात अडवलेला वारही थोडा लागतोच. मला वाटलं, संपवलं हिला. मागे मुलं ओरडायला लागली, "काकू, काकू!" मग माझी एक मोठी लाथ हुकली. हुकली म्हणून मी तीच पुन्हा मारायला गेले, ती पुन्हा हुकली, आणि बटण बरोबर दाबतेय ना हे बघायला मी खाली बोटांकडे पाहिलं. नजर वर आली तेव्हा माझा माणूस हवेत होता. खाली आला तो आडवाच.

तिने हात पुढे केला, मी मिळवला. मी विचारलं, "तू सुरुवातीला काहीच का केलं नाहीस गं?" ती म्हणाली, "केलं की काकू. ब्लॉक करत होते ना. तुम्ही भारी मारता, पण थांबतच नाही. ब्लॉकमध्ये थोडी लाइफ जाते, मी म्हटलं जाऊ दे, थोडीच जाते. तुमचा मोठा वार वाया गेला की चान्स माझा." मग च्युइंगम गालात सरकवून, "बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मी मार खातेय. माझा भाऊपण ओरडतो, काहीतरी कर, काहीतरी कर."

आई, हिंजवडीहून घरी येताना मुलगी गाडी चालवत होती आणि पुलाखाली नेहमीसारखं सगळं अडकलं होतं. ती म्हणाली, "एवढी काय गप्प झालीस? गेमच होता." मी म्हटलं, "हो." माझ्या डोक्यात तुझं 'बरं' होतं.

ते 'बरं' मी पुढच्या खोलीतून ऐकलं होतं. मालक मागच्या दारात उभे होते. "बाई, आता टायपिंगला कोण येतं? सगळं कॉम्प्युटरवर चाललंय. मागची खोली मोकळी करू म्हणतो. मशीनं भंगारात जातील." तू म्हणालीस, "बरं." एवढंच. तुझ्याकडे तेव्हा शेवटची एक तुकडी होती. आपल्या बुद्धविहारामागच्या वस्तीतल्या मुली, त्यांतल्या काही सकाळी धुणीभांडी करून येणाऱ्या. सरकारी जाहिरातींत अजून टायपिंगचं प्रमाणपत्र मागत होते आणि ते हातात आलं तर त्यांना कुठल्याशा कचेरीत खुर्ची मिळणार होती, तुला मिळाली नव्हती तशी. परीक्षेला अजून अवकाश होता. हे सगळं तुला माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि तू 'बरं' म्हणालीस. नंतर मालकांनी मागच्या खोलीतला पंखा काढून कॉम्प्युटरवर लावला, ते तापतात म्हणून. तू म्हणालीस, "बरं." मग एक ट्यूब गेली. मग भिंतीकडची मशीनं गेली. तू मुलींना दोन पाळ्यांत बसवायला लागलीस आणि दोन्ही पाळ्यांना स्वतः उभी राहायला लागलीस. घरी आल्यावर मी ओट्याशी तुझ्यावर ओरडले होते, "तू काहीच का बोलत नाहीस? ते तुला पायरी पायरीने बाहेर काढतायत!" तू कणीक मळत होतीस. म्हणालीस, "मला मोजता येतं." आणि मळत राहिलीस.

मग मालकांकडे मराठी टायपिंगचं एक मोठं काम आलं. कोणाचा तरी जाडजूड प्रबंध होता. त्यांनी कॉम्प्युटरवरच्या मुलांना बसवलं. ती मुलं एका ओळीत दहादा थांबत होती आणि रफार शोधत होती. प्रबंधवाले रोज येऊन जिन्यात उभे राहायला लागले. त्या दिवशी मी माझ्या नेहमीच्या खुर्चीत होते. मालक मागे आले आणि आवाज अगदी मऊ करून म्हणाले, "बाई, तुमचा मराठीचा हात आहे. कॉम्प्युटरवरही बटणं मशीनसारखीच ठेवता येतात म्हणे. एवढं करून द्या." तू चष्मा काढून पुसलास.

"देते. मुलींची परीक्षा होईपर्यंत ही खोली अशीच राहील."

"राहील, राहील."

"गेलेली मशीनं परत येतील."

"अहो, ती खालीच पडलीत. आणवतो."

"आणि पंखा परत लावा."

"पंखापण?"

"पंखापण. घामाने बोटं घसरतात पोरींची."

आणि तू पुढच्या खोलीत आलीस, माझ्याच कॉम्प्युटरसमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "ऊठ. मला काम आहे." मी उठले. माझे मित्र बघत होते. ज्या माणसाने तुझी मशीनं विकायला काढली त्याचंच काम तू करायला बसलीस, एवढंच मला दिसलं. जिन्यात मी तुला म्हणाले, "एका पंख्यासाठी?" मी कितीतरी वेळा तो जिना मनात उतरून पाहिला आहे, पण तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं हे आठवत नाही, कारण मी पुढे होते आणि तू मागे.

मुली परीक्षेला बसल्या. एक सोडून सगळ्या पास झाल्या. मागची खोली ठरल्याप्रमाणे रिकामी झाली आणि तू कापडी पडद्यांचा गठ्ठा बांधून घरी आणलास. त्यांतले बरेचसे तू धुऊन स्वयंपाकघरात वापरायला काढलेस, गरम पातेली उतरवायला. मी त्याकडे पाहून ठरवून टाकलं की संपलं सगळं. जी एक नापास झाली तिच्यासाठी तू मालकांकडून एक मशीन मागून आणलं होतंस. ते ओट्याशेजारच्या टेबलावर असायचं. ती मुलगी दुपारची यायची, कापडाखाली हात घालून बसायची, आणि तू भाजी निवडता निवडता तिला मजकूर सांगायचीस.

त्या सुमारास मी नुकतीच वर्तमानपत्रात लागले होते. रविवारच्या पुरवणीसाठी बंद पडणाऱ्या टायपिंग इन्स्टिट्यूटवर लेख हवा होता आणि संपादक म्हणाले, तुझ्या तर घरातलाच विषय. माझी सुट्टी होती, संध्याकाळपर्यंत मजकूर द्यायचा होता, म्हणून मी बाहेरच्या खोलीत लिहायला बसले. स्वयंपाकघरात त्या मुलीचं टकटक, टकटक चाललं होतं. लक्ष लागेना म्हणून मी उठून मधलं दार लावून घेतलं. आणि मग एका बैठकीत लिहिलं, हरलेल्या पिढीबद्दल. बदलत्या काळापुढे निमूटपणे मान तुकवणाऱ्या शिक्षिकेबद्दल, जी आपली मशीनं जाताना भरल्या डोळ्यांनी पाहत राहते. नाव दिलं नव्हतं. लेख लोकांना फार आवडला.

रविवारी सकाळी तू तो ओट्याशी उभी राहून वाचलास, एका हाताने दूध ढवळत. वाचून झाल्यावर पुरवणीची घडी घातलीस.

"शुद्धलेखन बरं आहे," तू म्हणालीस.

"आणि लेख?"

"माझे डोळे कधी भरले होते?"

"अगं, लेखात तसं लागतं."

"लागतं म्हणजे? विचारायचं होतंस. मी घरातच होते."

एवढं बोलून तू गॅस बंद केलास. पुढे माझी सगळी नोकरी मी दुसऱ्यांना तेच सांगत आले. दोन ठिकाणी विचारल्याशिवाय मजकूर सोडायचा नाही. नव्या मुलांना ते माझं शहाणपण वाटतं. आणि ती मुलगी दुसऱ्या खेपेला पास झाली. पेढे घेऊन आली तेव्हा मी ऑफिसात होते. तुझ्या शेवटच्या आजारात ती भेटायला आली होती, कुठल्याशा सरकारी कचेरीतून परस्पर, खांद्याला पर्स आणि गळ्यात ओळखपत्र. बाहेर येऊन मला म्हणाली, "बाईंनी मला सोडलं नाही." मी तिला चहा केला. लेखाचं बोलायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण तिने तो वाचला होता की नाही हे मला माहीत नव्हतं आणि विचारायचा धीर झाला नाही.

तू गेल्यानंतर मी तुझ्याबद्दल पुष्कळदा विचार केला, आणि दर वेळी निकाल तोच लावला. चांगली होती, सोसलं, हरली. काल एक च्युइंगम चघळणारी मुलगी समोर बसली नसती तर तोच निकाल कायम राहिला असता. ट्यूब गेली तेव्हा तू नखभर कमी झालीस, दोन्ही पाळ्यांना उभी राहिलीस तेव्हा आणखी नखभर. ते मला दिसत होतं. तू मागचं बटण धरून मालकांचा मोठा वार वाया जाण्याची वाट बघत होतीस, ते दिसलं नाही. आणि तू जपत होतीस ती नोकरी नव्हतीच. नोकरी जाणार हे तुला पहिल्या 'बरं'लाच माहीत होतं. तुला त्या पोरींची परीक्षा हवी होती आणि ती तू मिळवलीस, पंख्यासकट. लेख मी आज लिहिला तर वेगळा होईल, पण रविवारची पुरवणी आता निघत नाही आणि तुझ्याकडून खात्री करून घ्यायची सोय नाही.

काल घरी आल्यावर मी डब्यांच्या फळीमागे हात घातला. त्या खाकी पडद्यांपैकी एक अजून आहे, कडेला जळलेला, नाड्या तुटलेल्या. मी त्याला नव्या नाड्या शिवल्या. मग स्पर्धा घेणाऱ्या मुलाला फोन करून विचारलं, की-बोर्डवर कापड टाकून खेळलं तर चालेल का? त्याने आधी टॅबवर नियम चाळले. मग म्हणाला, "मॅडम, नियमांत नाही असं काही. पण का?" मी म्हटलं, "माझ्या बाईंची पद्धत आहे." मुलगी शेजारी उभी होती. म्हणाली, "आता मात्र नक्की हसतील."

हे मी की-बोर्डवरच लिहिते आहे, कापडाखाली हात घालून. ते पाठवण्याचा प्रश्न नाही. येत्या रविवारी दुपारी हरलेल्यांच्या रांगेत माझा सामना आहे. समोर कोण असेल ते अजून ठरलेलं नाही. स्पर्धेवाला मुलगा शुक्रवारपर्यंत कळवतो म्हणाला आहे. मी अडवायचं ठरवलं आहे. पण बाई, खरं सांगते, एवढं लिहीपर्यंत मी पुष्कळदा कापड उचलून खाली पाहिलं. रविवारीही बघेन, असं वाटतं.